प्रोपेन ग्रिल पेटतं पण तापत नाही: रेग्युलेटर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या घराच्या मागच्या अंगणात तीन बर्नरचं प्रोपेन ग्रिल आहे. हिवाळाभर कव्हरखाली होतं. मे महिन्यात बाहेर काढलं, दुकानातून सिलिंडर बदलून आणला. तिन्ही बर्नर पेटतात, पण ज्योत बारीक. झाकण लावून अर्धा तास ठेवलं तरी काटा २५० अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकत नाही. डावीकडचा बर्नर तर पिवळाच जळतो, मधूनच ‘भप्प’ असा आवाज येतो आणि त्याचा नॉब गरम लागतो. सिलिंडर अर्धाच भरलेला मिळाला का? रेग्युलेटर बदलावा का?

रेग्युलेटर अजून बदलू नका. आणि डावीकडचा बर्नर आज तरी पेटवू नका.

हे दोन वेगळे बिघाड आहेत. तिन्ही बर्नर एकदम मंद झाले, म्हणजे कारण तिघांच्याही आधी, सिलिंडर ते रेग्युलेटर या टप्प्यात आहे. पिवळी ज्योत एकाच बर्नरला आहे, म्हणजे ते दुखणं त्या बर्नरचं स्वतःचं आहे. ग्रिल दुरुस्त करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: सगळे बर्नर की एक? निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.

आधी मंद ज्योतीचं बघू. सिलिंडरला जोडायचा तो मोठा प्लास्टिकचा नट नुसता नट नाही. त्याच्या आत गॅसचा ओघ मर्यादेत ठेवणारी एक कळ असते. गॅस अचानक भसाभस वाहू लागला, की नळी तुटली असं धरून ती मुख्य वाट बंद करते आणि अगदी बारीक धार तेवढी चालू ठेवते. बर्नर त्या धारेवर पेटतात, पण २५०-३०० अंशांवर अडकतात. वर्णन तंतोतंत याचंच आहे. हा रेग्युलेटरचा बिघाड नाही, त्याने आपलं काम केलं आहे. अशा वेळी चांगले रेग्युलेटर सर्रास फेकले जातात. नवा बसवताना सगळी बटणं बंद असतात आणि सिलिंडर जपून उघडला जातो, त्यामुळे ज्योत सुधारते आणि ‘रेग्युलेटरच गेला होता’ असा समज पक्का होतो.

कळ अडकते कशामुळे? बहुतेक वेळा उघडण्या-बंद करण्याचा क्रम चुकल्यामुळे. आपल्याकडे स्वयंपाकघरात बऱ्याच घरांत रात्री आधी रेग्युलेटर बंद करतात, नळीतला गॅस जळून जाऊ देतात आणि मग शेगडीचं बटण फिरवतात. तिथल्या शेगडीला ही सवय चालून जाते. इथल्या ग्रिलला तीच सवय लावली, की नळी रिकामी राहते. पुढच्या वेळी सिलिंडरची चकती, म्हणजे वरचा फिरवायचा व्हॉल्व्ह, झटकन पूर्ण उघडली, की रिकाम्या नळीत गॅस जोरात घुसतो आणि कळ बसते. त्यात एखादा नॉब चुकून उघडा राहिला असेल तर नक्कीच बसते. तुम्ही नवा सिलिंडर जोडलात तेव्हा नळी रिकामीच होती.

सोडवायची रीत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. ग्रिलचं झाकण उघडा. सगळे नॉब बंद करा, मग सिलिंडरची चकती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करा. प्लास्टिकचा नट सोडवून रेग्युलेटर सिलिंडरपासून वेगळा करा. आता झाकण उघडंच ठेवून सगळे नॉब ‘हाय’वर करा आणि मिनिटभर तसेच राहू द्या, म्हणजे नळीत राहिलेला दाब निघून जाईल. हे करताना आसपास कुठेही आग नको, सिगारेटसुद्धा नको. मग नॉब पुन्हा बंद करा, एकेक करून हाताने तपासा. नट परत जोडा. त्याचे आटे नेहमीसारखे, उजवीकडे आवळणारे आहेत. पाना लावू नका, हातानेच, पण थांबेपर्यंत आवळा. नट पुरता बसला नाही तर सिलिंडरच्या तोंडातली झडप नीट दाबली जात नाही आणि गॅस कमी येतो किंवा येतच नाही, हे सुद्धा मंद ज्योतीचं एक साधं कारण. आता सिलिंडरची चकती अगदी हळू, आधी पाव फेरा उघडा. पाच-दहा सेकंद थांबा. नळी दाबाने भरते आणि कळ मोकळी राहते. मग पूर्ण उघडा, डावीकडचा सोडून एकच बर्नर पेटवा, तो नीट जळला की दुसरा.

पंधरा मिनिटांत झाकणाचा काटा ४५०-५०० कडे गेला, तर काम झालं.

गेला नाही, किंवा आज सुटलं आणि उद्या परत अडकलं, तर मात्र नुसतं पुन्हा पुन्हा सोडवत बसू नका. क्रम बरोबर असूनही कळ वारंवार बसते तेव्हा कुठेतरी खरोखरच गळती असू शकते. तशीही हिवाळ्यानंतर आणि सिलिंडर बदलल्यावर दर वेळी गळतीची चाचणी करायचीच असते. भांडी घासायचा पातळ साबण एक भाग, पाणी चार भाग, स्प्रेच्या बाटलीत किंवा वाटीत घेऊन जुना रंगाचा ब्रश. सगळे नॉब बंद, सिलिंडर उघडा. मग साबणाचं पाणी लावत जा: चकतीच्या दांड्याशी, प्लास्टिकच्या नटाभोवती, रेग्युलेटरच्या गोल डबीवर, नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडांवर, आणि नळीच्या पूर्ण लांबीवर, विशेषतः ती वाकते तिथे. खालची बाजू बघायला छोटा आरसा धरा. नुसता फेस दिसला तर घाबरायचं नाही, तो ब्रशने झालेला असतो. फेस पुसल्यावर त्याच जागी बुडबुडा नव्याने फुगत असेल तर ती गळती. मोठी गळती लगेच बुडबुडते, बारीक गळतीला अर्धा-एक मिनिट द्यावा लागतो, म्हणून लावल्यावर लगेच पुढे पळू नका.

नटाशी बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून नट सोडवा, परत जोडा, परत तपासा. सिलिंडरच्या चकतीच्या दांड्याशी येत असतील तर तो सिलिंडर दुकानात परत. त्याला पाना-पक्कड लावायची नाही. नळीवर कुठेही आले तर नळी बदला; टेप, एमसील वगैरे काही नाही. उंदीर आणि खारी नळी कुरतडतात, तेव्हा कव्हर काढल्यावर बारीक दातांचे ठसे शोधा. तपासून झालं की साबण पाण्याने धुऊन टाका, तो राहिला तर धातू गंजतो. काडीपेटीची काडी धरून गळती शोधणारे लोक अजून आहेत, त्यांना काय म्हणावं!

प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत, पायऱ्यांखाली, तळघराच्या खिडकीच्या खळग्यात साचतो. म्हणून वास आला आणि सिलिंडर बंद केल्यावरही तो जात नसेल, किंवा कुठूनतरी सूं-सूं ऐकू येत असेल, तर लांब जाऊन अग्निशमन दलाला फोन करायचा. फोन दुरूनच करायचा, ग्रिलशेजारी उभं राहून नाही.

आता ‘अर्धाच भरलेला मिळाला का’ याबद्दल. दुकानात बदलून मिळणाऱ्या २० पौंडी सिलिंडरमध्ये बहुधा १५ पौंडच गॅस असतो आणि तसं लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. भरण्याच्या केंद्रावर स्वतःचा सिलिंडर भरून घेतला तर जवळपास २० पौंड मिळतात. शंका असेल तर बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवा. सिलिंडरच्या वरच्या कड्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, साधारण १७ पौंड. काट्यावर ३२ आले तर आत १५. एका पौंड प्रोपेनमधून सुमारे २१,६०० बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) मिळतात. तीन बर्नरचं ग्रिल मिळून तासाला ३०,००० बीटीयूचं असेल तर १५ पौंड गॅस पूर्ण आचेवर दहा-अकरा तास पुरतो. काटा नसेल तर सिलिंडरच्या बाजूवर गरम पाणी ओता आणि वरून खाली हात फिरवा. जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथपर्यंत द्रव गॅस आहे. पण कमी गॅसमुळे ज्योत अशी एकाएकी बारीक होत नाही, अगदी संपत आल्यावरच पडते. त्यामुळे सिलिंडरवाला इथे निर्दोष दिसतो.

मिनेसोटा किंवा टोरांटोत जानेवारीत ग्रिल करणाऱ्यांचं वेगळं. द्रव गॅसचा वायू होताना सिलिंडर स्वतःच थंड होत जातो, बाहेरही कडाका, आत गॅस थोडा, आणि सगळे बर्नर हायवर. मग दाब पडतो आणि सिलिंडरवर खालच्या बाजूला दवाचा किंवा बर्फाचा पट्टा दिसतो. उपाय म्हणजे भरलेला सिलिंडर लावणं आणि एक बर्नर कमी करणं. सिलिंडरला कुठल्याही प्रकारे शेक द्यायचा नाही.

आता डावीकडचा बर्नर. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला हाच भाग जास्त गंभीर आहे, मंद ज्योतीने फार तर जेवायला उशीर होतो. बर्नरची नळी पुढे, नॉबच्या मागे, रुंद तोंडाची असते. तिथे पितळी टोकातून गॅस आत सुटतो आणि आजूबाजूची हवा ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी. हिवाळ्यात नेमक्या त्या नळीत कोळी जाळं विणतात, अंडी घालतात. कधी गांधीलमाशी मातीचं घर बांधते. वाट अडली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी, लांब, आळसावलेली होते, अन्नावर काजळी धरते. अडथळा मोठा असेल तर गॅस नळीतून पुढे जाण्याऐवजी मागे फिरतो आणि नॉबच्या फळीमागेच पेटतो. ‘भप्प’ आवाज आणि गरम नॉब ही त्याचीच खूण. तिथून रबरी नळी फार लांब नसते.

ग्रिल पूर्ण थंड, सिलिंडर बंद आणि सुटा. जाळ्या काढा, बर्नरवर उलट्या ‘व्ही’सारखे बसवलेले पत्रे काढा. बर्नर बहुतेक ग्रिलमध्ये मागच्या टोकाला एका स्क्रूने किंवा वाकवलेल्या पिनेने अडकवलेला असतो. तो काढला की बर्नर किंचित मागे ओढून वर उचलता येतो. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडतो. रुंद तोंडातून लांब, लवचिक दांड्याचा ब्रश आत घालून फिरवा, बाटल्या धुवायचा बारीक ब्रशही चालतो. जाळं पांढऱ्या कापसासारखं निघतं आणि कधी कधी डोळ्यांना अजिबात दिसत नाही, म्हणून न बघताही ब्रश फिरवाच. तोंडावर बारीक जाळी असेल तर ती जुन्या टूथब्रशने साफ करा. मग वरची भोकं. गच्च झालेलं भोक बारीक तारेने किंवा उलगडलेल्या पेपरक्लिपने मोकळं करा, मोठं मात्र करू नका. टूथपिक वापरू नका, मोडून आतच राहते. बर्नर घासताना ब्रश भोकांच्या ओळीवर आडवा चालवा. लांबीने चालवला तर भोकांतली घाण पुढच्या भोकात ढकलली जाते. दोन भोकं गंजून एक झाली असतील किंवा नळीला चीर असेल तर बर्नर बदलण्याला पर्याय नाही.

पितळी टोकाला मात्र तार, सुई, ड्रिल काहीही लावू नका. त्याचं भोक ठरावीक मापाचं असतं, एक केस जरी मोठं झालं तरी गॅसचं गणित बिघडतं. बोळ्याने पुसा, फुंकर मारा, नाही सुटलं तर नवं बसवा. अवांतर एक सांगतो: पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक गॅसवरच्या ग्रिलची टोकं मोठ्या भोकाची असतात, कारण त्या गॅसमध्ये घनफुटाला हजाराच्या आसपासच बीटीयू असतात आणि प्रोपेनमध्ये अडीच हजार. जुनं ग्रिल कोणाकडून स्वस्तात घेतलं आणि त्यावर ‘नॅचरल गॅस’ लिहिलेलं असेल, तर त्याला प्रोपेनचा सिलिंडर जोडायचा नाही. ज्वाळा हातभर येतील.

बर्नर परत बसवताना एकच गोष्ट टॉर्च मारून बघायची: पितळी टोक बर्नरच्या रुंद तोंडाच्या आत गेलं आहे का. ते बाहेर, बाजूला राहिलं तर गॅस फळीमागे मोकळा सुटतो आणि साफसफाई करून तुम्ही आधीपेक्षा वाईट करून ठेवता. हे नेमकं चुकतं, कारण वरून बर्नर जागेवर बसलेला दिसतो. मग पेटवून बघा. ज्योत निळी, टोकाला थोडी पिवळी झाक, हे ठीक. ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगत फरफर आवाज करत असेल तर हवा जास्त होते आहे; तोंडाशी फिरवायची पट्टी असेल तर ती किंचित बंद करा.

पेटवण्याचा नियम एकच, पण त्यात सूट नाही: झाकण उघडं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद, पाच मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. बंद झाकणाखाली गॅस साचवून लायटर लावणाऱ्याच्या भुवया जातात, ही थट्टा नाही. ठिणगीच पडत नसेल तर आधी बटणाची टोपी फिरवून आतली बॅटरी बदला. हिवाळ्यानंतर ती बहुधा गळलेली असते. टिक-टिक ऐकू येते पण पेटत नाही, तर ठिणगी भलतीकडे पडते आहे: ठिणगीच्या कांडीवरच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा, कांडीच्या टोकावर तेलकट थर, किंवा टोक बर्नरपासून लांब वाकलेलं. तीन-चार मिलिमीटर अंतर पुरे. तोवर लांब दांड्याच्या लायटरने पेटवायला हरकत नाही. आधी ज्योत धरायची, मग नॉब उघडायचा.

आता चरबीचं. आपल्या लोकांच्या ग्रिलला ज्वाळा जास्त का लागतात, तर मसाल्यात तेल सढळ असतं आणि वरून तूप-बटर सोडलं जातं. तंदुरी मसाला लावलेली कोंबडी जाळीवर टाकण्याआधी निथळू द्या, तेल शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावा. एक बर्नर कायम बंद ठेवा. ज्वाळा उठली की तुकडे तिकडे सरकवायचे. कोंबडीचा आतला भाग १६५ अंशांना गेला पाहिजे, बाहेरच्या काळेपणावरून ते कळत नाही. भरताच्या वांग्याला दोन-चार टोचे मारा, नाहीतर फुटून सगळं बर्नरवर. आणि डोशाचा किंवा पोळ्यांचा मोठा तवा ठेवायचाच असेल तर अर्ध्याहून जास्त जाळी झाकू देऊ नका. उष्णतेला वर जायला वाट नसली की ती खाली, नॉबकडे आणि नळीकडे फिरते. तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची सवयही वाईट, तिच्या घड्यांत तेल साचतं.

खालच्या ट्रेमधलं तेल पेटलं तर ते ज्वाळा उठण्यापेक्षा वेगळं प्रकरण असतं, नॉब बंद केले तरी जळत राहतं. नॉब बंद, झाकण बंद, हात सुरक्षितपणे पोचत असेल तर सिलिंडरही बंद. पाणी मुळीच नाही. थोडंसंच असेल तर खाण्याचा सोडा टाका. आटोक्यात नसेल तर मागे सरा आणि ९११ ला फोन करा. ट्रे रिकामा करणं हे दर दोन-तीन वेळच्या ग्रिलिंगनंतरचं काम आहे, वर्षातून एकदाचं नाही.

जाळी घासायला तारेचा ब्रश वापरत असाल तर त्याची एखादी तार सुटून अन्नातून पोटात जाऊ शकते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऱ्होड आयलंडमधली अशी प्रकरणं नोंदवली, त्यात घशापासून आतड्यापर्यंत इजा होत्या. लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला फॉइलचा बोळा वापरा. अर्धा कापलेला कांदा काट्यात टोचून गरम जाळीवर घासला तरी बरंच निघतं.

ग्रिल घराच्या भिंतीपासून, साइडिंगपासून (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणापासून) दहा फूट तरी लांब असावं. व्हिनाइल साइडिंग पेटण्याआधी वितळतं. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत ग्रिल करायचं नाही, पावसातही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत २० पौंडी सिलिंडर बऱ्याच ठिकाणी अग्निनियमांत बसत नाही, भाडेकरारही वाचा. सिलिंडर गाडीतून नेताना उभा, घट्ट अडकवलेला, खिडकी उघडी, आणि दुकानातून थेट घरी; उन्हात गाडीत ठेवून मॉलमध्ये जायचं नाही. जादा सिलिंडर पेटत्या ग्रिलखाली ठेवू नका आणि तळघरातही नाही.

बंद करताना नेहमी आधी नॉब, मग सिलिंडर. नळीत थोडा गॅस राहू दे, त्यानेच पुढच्या वेळी कळ बसायची शक्यता कमी होते. तरी चकती हळूच उघडायची.

कळ सोडवली, गळती नाही, दुसऱ्या भरलेल्या सिलिंडरवरही तिन्ही बर्नर मंदच, तर मग रेग्युलेटर बदला. नळीसकट जोड घ्या. बहुतेक घरगुती ग्रिलना ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाचा लागतो. नक्की किती ते ग्रिलच्या आतल्या पट्टीवर मॉडेल नंबरशेजारी लिहिलेलं असतं. त्याची बीटीयू क्षमता सगळ्या बर्नरच्या बेरजेपेक्षा जास्त असावी, बाजूची शेगडी असेल तर तीही धरून. दाब कमी-जास्त करायचा, लाल मुठीचा रेग्युलेटर मोठ्या बाहेरच्या शेगड्यांसाठी असतो, तो या ग्रिलला लावायचा नाही. भारतातून आणलेला तर जोडच जुळणार नाही, ते बरंच आहे. नवी नळी तापणाऱ्या पत्र्याला टेकणार नाही अशी अडकवा, आणि पहिल्यांदा पेटवण्याआधी पुन्हा साबणाचं पाणी.